भरपूर पाणी प्या

"मावशी, काखेत नीट धरा. पडेल तो."

रखमाबाईने थर्मामीटर काखेत दाबला आणि मागच्या भिंतीला डोकं टेकलं. तापाने तिचे डोळे लाल झाले होते. भाजीची पाटी आरोग्य केंद्राच्या दाराबाहेर ठेवून ती आत आली होती आणि तशाही अवस्थेत तिचं अर्धं लक्ष त्या पाटीकडे होतं.

मेघना सिस्टरने केसपेपर पुढे ओढला. तक्रार विचारायची गरजच नव्हती. लघवीला जळजळ, कंबरेत कळ, थंडी वाजून ताप. रखमाबाई गेल्या पावसाळ्यापासून याच तक्रारी घेऊन येत होती. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

"मागच्या खेपेला आलेलात, तेव्हा काय सांगितलं होतं मी?"

"पानी पी बोललेली."

"मग? प्यायलात?"

रखमाबाईने डोळे उघडले आणि सिस्टरकडे पाहिलं. "पानी पिऊन जाव कुठं गो बाय?"

मेघनाचं पेन थांबलं.

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! सकाली अंधारात घर सोडताव आमी, दिवे लागल्यावर परत जाताव. मंडईत बायांना जायला जागा हाय कुठं? मंग सकाली कपभर चा प्यायचा नि दिवसभर तोंड सुकवायचा. माझी सासू बी अशीच बसायची."

"सगळ्याच जणी अशा बसतात?"

"सगल्याच."

मेघनाच्या मागे भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर हसऱ्या बाईच्या हातात पाण्याचा पेला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.' विठ्ठलवाडीच्या आसपासच्या चाळींमधून, वस्त्यांमधून फिरताना हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल याची गणती नव्हती. बायका मान डोलवायच्या आणि जायच्या. त्यावर उलटा प्रश्न मात्र आजवर कोणी केला नव्हता.

तिने रखमाबाईला गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं. 'पाणी भरपूर प्या' हे शब्द ओठांवर आले होते, ते तिने गिळले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती मंडईत गेली. बंद पडलेल्या गिरणीच्या मागे पत्र्याची लांबच लांब शेड, खाली दोन्ही बाजूंनी ओळीने बसलेल्या बायका. त्यातल्या बऱ्याचशा खाडीकडच्या गावांतून यायच्या, काही टिटवाळ्याकडून. रखमाबाईची जागा रिकामी होती. शेजारी बसलेल्या शेवंतीने तिच्याही पालेभाजीवर पाणी शिंपडून ठेवलं होतं. शेवंती तिशीच्या आतली, तोंडाने फटकळ. तिला पाचवा महिना लागला होता आणि तपासणीला ती मेघनाकडेच यायची.

"काकी घरी झोपल्यात," तिने सांगितलं. "तुम्ही इकडे कुठे, सिस्टर?"

"बाथरूम बघायला आले."

शेवंती हसली. मग सिस्टर मस्करी करत नाहीत हे लक्षात आल्यावर ती उठली आणि तिला शेडच्या टोकाला घेऊन गेली. तिथे चांगलं विटांचं बांधकाम होतं. एका बाजूला 'पुरुष', दुसऱ्या बाजूला 'स्त्रिया' आणि त्याखाली अंबाडा घातलेल्या बाईचं चित्र. पुरुषांची बाजू उघडी होती. बायकांच्या दाराला कुलूप होतं आणि जाळीतून आत रचून ठेवलेले टोमॅटोचे रिकामे क्रेट दिसत होते.

"उत्तमशेठचे आहेत," शेवंती म्हणाली. "पहिले आम्ही गिरणीच्या पडक्या भिंतीमागे जायचो. दुपारी, चारपाच जणी मिळून. एकीने साडी धरायची. आता तिथे टॉवरचं काम चालू झालंय, वॉचमन असतो. स्टेशनकडचं लांब पडतं. तेवढ्यात गिऱ्हाईक जातं, नायतर गाय तोंड घालते मालात."

"आणि तू? या दिवसांत?"

शेवंतीने खांदे उडवले. "दाबून धरते."

उत्तमशेठ मंडईच्या व्यापारी संघाचे सचिव होते. कांदे-टोमॅटोची घाऊक विक्री, गाळ्यात गादी, गादीवर पांढरी चादर. त्यांनी मेघनाला खुर्ची दिली, चहा मागवला.

"सिस्टर, मला काय हौस आहे कुलूप लावायची? उघडंच होतं ना ते. रोज सकाळी आत दारूच्या बाटल्या. पाण्याची लाइन फुटली ती कोणी जोडली नाय. वास एवढा की गिऱ्हाईक नाक धरून जायचं. मी स्वतःच्या माणसाकडून साफ करून घेतलं किती दिवस. शेवटी या बायकाच आल्या माझ्याकडे तक्रार घेऊन."

"बंद करा म्हणाल्या?"

"तक्रार केली, म्हणून बंद केलं."

मेघनाने बाहेर येऊन शेवंतीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आलेलो ना आम्ही. पण बंद करा नव्हतं सांगितलं, साफ करा सांगितलेलं."

संध्याकाळी केंद्र रिकामं झाल्यावर मेघनाने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर संचिता वयाने तिच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सिस्टर, मला पटतंय. पण शौचालय आपल्या खात्याकडे येत नाही हो. ते मंडईवाल्यांचं काम."

"आजार मात्र आपल्याकडेच येतो ना, मॅडम."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि पत्राचा कागद पुढे ओढला. आठवडाभरात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मंडईतल्या बायकांसाठी तिथेच तपासणी ठेवायला परवानगी मिळवली. एका दुपारी मेघना रक्तदाबाचं यंत्र आणि लघवीच्या तपासणीसाठी लहान लहान बाटल्या घेऊन शेडखाली बसली. तिने पहिली बाटली एका म्हाताऱ्या विक्रेतीच्या हातात दिली. म्हातारीने बाटली उलटसुलट करून पाहिली.

"आनि ही भरू कुठं?"

सगळ्या बायका खो खो हसल्या. मेघनाही हसली. मग हसणं हळूहळू विरलं आणि बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मेघनाने बाटल्या परत पिशवीत भरल्या. त्या दुपारी तपासणी फक्त रक्तदाबाची झाली.

डॉक्टरांचं पत्र घेऊन ती पालिकेच्या ऑफिसांच्या पायऱ्या चढू लागली. मंडई विभागाने सांगितलं, नळजोडणी नाही तोवर शौचालय सुरू करता येणार नाही. पाणी विभागाने सांगितलं, व्यापारी संघाच्या सहीचा अर्ज आणा. उत्तमशेठ म्हणाले, "बघू. सीझन येऊ दे. तोवर एवढे क्रेट मी कुठे हलवू?" पुन्हा मंडई विभागात गेली, तर तिथले साहेब रजेवर होते.

टिटवाळ्याच्या घरी परतल्यावर ती पाय वर करून बसायची. तिचा नवरा महेंद्र एसटीत कंडक्टर होता, नुकताच निवृत्त झालेला. तो तिच्या पुढ्यात चहा ठेवायचा.

"अगं, नोकरीची थोडी वर्षं राहिली. आता कशाला अंगावर घेतेस?" एकदा तो म्हणाला. "तुझं काम तू केलंस. पत्र दिलंस."

"अहो, आई बांधकामावर जायची माझी," मेघना म्हणाली. "घरी आली की आधी मोरीत धावायची. आम्हा पोरांना वाटायचं, आई आपल्याशी बोलत का नाही. नंतर ती कंबर धरून पडून असायची. घरात सगळे म्हणायचे, कामाने थकली. मीसुद्धा नर्स होईपर्यंत तेच म्हणायचे."

पुढच्या वेळी ती ऑफिसला निघाली तेव्हा महेंद्र स्वतः मोटरसायकल काढून उभा राहिला.

असे धावपळीत दिवस जात असतानाच रखमाबाई मंडईत कोसळली. मेथीची जुडी गिऱ्हाइकाच्या हातात देता देता ती कलंडली. शेवंतीने आणि दोघीतिघींनी तिला रिक्षात घातलं. आरोग्य केंद्रात डॉक्टर संचितांनी पाहिलं आणि थेट मोठ्या इस्पितळात पाठवलं.

मेघना तिला भेटायला गेली तेव्हा रखमाबाईच्या मानेत नळी होती आणि चेहरा सुजला होता. तिचा मुलगा कॉटच्या पायाशी उभा होता. तिथल्या डॉक्टरांनी मेघनाला बाजूला घेऊन सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडांत खडे, वारंवार झालेला जंतुसंसर्ग, आणि हे सगळं फार जुनं. जीव वाचेल, पण मूत्रपिंडं आता काम करणार नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी मशीनवर रक्त शुद्ध करावं लागेल. कायमचं.

मेघना कॉटजवळ आली. तिने रखमाबाईच्या कपाळावर हात ठेवला.

"मंडई कशी हाय?" रखमाबाईने विचारलं.

"आहे."

"शेवंती?"

"बरी आहे."

"ती पोटुशी हाय. तिला माझेसारखी बसवू नका." बोलताना तिला धाप लागली. "तुमी शिष्टर हाव. तुमचा ऐकतील."

माझं कोणी ऐकत नाही, मावशी, असं मेघनाच्या मनात आलं. पण ती म्हणाली, "नाही बसवणार."

तिथून ती घरी न जाता सरळ मंडईत गेली. बायका मालावर गोणपाटं टाकत होत्या, आवरासावर चालली होती. मेघना मध्ये उभी राहिली आणि तिने रखमाबाईला काय झालंय ते काही न लपवता सांगितलं. आत काय बिघडतं, कसं बिघडतं, कशाने बिघडतं. घाबरवायला म्हणून नाही. आजवर तक्त्यावर बोट ठेवून बोलायची, तसंही नाही.

"म्हणजे पाणी प्यायला पाहिजे," शेवंती म्हणाली.

"हो."

"मग पिऊया ना. सगळ्या मिळून पिऊया. शेठच्या गाळ्यासमोर बसून पिऊया. आणि मग विचारूया, आता जायचं कुठं!"

आधी दोघीतिघी हसल्या. मग म्हातारी विक्रेती म्हणाली, "मी येतंय." आणि मग एकेक करून सगळ्याच हो म्हणाल्या.

रविवारी सकाळी मंडईत पाय ठेवायला जागा नसते. त्या रविवारी उत्तमशेठच्या गाळ्यासमोर निळं पिंप होतं आणि त्याच्याभोवती मंडईतल्या बायका मांडी घालून बसल्या होत्या. माल तसाच मांडलेला, विकायला कोणी नाही. मेघना साध्या साडीत होती. तिने पिंपातून पेला भरायचा, बाईच्या हातात द्यायचा, तिने पिऊन परत करायचा. कोणी घोषणा देत नव्हतं. नुसता पाणी पिण्याचा आवाज.

उत्तमशेठ गादीवरून उठून आले. "हे काय चाललंय?"

"पाणी पितोय," शेवंती म्हणाली. "सिस्टरांनी सांगितलंय."

"अरे पण इथे कशाला?"

"आमच्याकडे जागा कुठे आहे, शेठ?"

गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. कोणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू केलं. पिशव्या घेऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं, काय भानगड आहे. शेवंतीने कुलपाकडे बोट दाखवून दोन वाक्यांत सांगितली. बाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग पिशव्या खाली ठेवून त्याही बायकांमध्ये बसल्या.

"मी शाळेत शिकवते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही तेच. द्या मला पेला."

उत्तमशेठ आत गेले, फोनवर बोलले, पुन्हा बाहेर आले. पिंप निम्मं झालं होतं. बायका आता जागच्या जागी चुळबुळत होत्या, कोणी मांडी बदलत होती, कोणी ओठ चावत होती. तरी उठत कोणीच नव्हती. मेघनाला शेवंतीची काळजी वाटू लागली. तिने तिला हळूच सांगितलं, तू ऊठ, बाजूच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे तरी जाऊन ये. शेवंतीने नकारार्थी मान हलवली. तिच्या कपाळावर घाम होता.

"काकी कधी उठल्या?" ती म्हणाली. "नाय उठणार."

तेवढ्यात म्हातारी विक्रेती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. "शेठ, वहिनींना फोन लावा. मी तुमचे घरा जाऊन येतंय. माझे मागून या समद्या येतील."

सगळी मंडई हसली. उत्तमशेठ हसले नाहीत. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. मग गल्ल्याच्या खणातून चावी काढून ते स्वतः शेडच्या टोकाकडे चालू लागले.

कुलूप गंजलं होतं. चावी फिरेना. शेवटी त्यांनीच तागडीचं मोठं वजन आणायला लावलं आणि कुलूप फोडलं. क्रेट बाहेर काढायला शेठची माणसं आणि बायका, सगळेच आले. आत कोळ्यांची जाळी, धूळ, पण संडासाची भांडी शाबूत होती. पिंपातलं उरलेलं पाणी बायकांनी तिथेच ओतलं, खराट्याने खसखसून घासलं. घासून झाल्यावर सगळ्या दारातून बाजूला झाल्या.

"पहिली शेवंती," म्हातारी म्हणाली.

उत्तमशेठ पाठ करून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी मेघनाला विचारलं, "त्या अर्जावर सही कुठे करायची आहे?"

नळ जोडला जायला उन्हाळा उजाडला. तोवर बायकांनी आळीपाळीने कळश्या भरून ठेवल्या. दारूच्या बाटल्या पुन्हा सापडल्या, तेव्हा त्यांनी नवं कुलूप आणलं आणि रात्रीपुरतं लावायचं ठरवलं. साफसफाईला धोंडिबा नावाचा एक वयस्क सफाई कामगार यायला लागला. त्याचा पगार अर्धा संघ, अर्धा बायका मिळून द्यायच्या. यावरून दोन भांडणं झाली आणि मिटली.

मोबाइलवरचं ते चित्रण मात्र फिरत फिरत वर पोहोचलं. सेवेत असताना आंदोलन का केलं, याचा लेखी खुलासा मेघनाकडे मागवला गेला. तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी एकच वाक्य लिहून दिलं. 'मी महिलांना भरपूर पाणी पिण्याबाबत आरोग्य शिक्षण दिले.' डॉक्टर संचितांनी ते वाचलं, तोंडावर रुमाल धरून हसल्या आणि खाली आपला शेरा लिहिला, 'सदर शिक्षण माझ्या परवानगीने देण्यात आले.' वरून पुढे काही आलं नाही. फक्त त्या वर्षी उत्कृष्ट सेविकेच्या पुरस्कारासाठी तिचं नाव जायचं ठरलं होतं, ते गेलं नाही. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण केंद्रात कंबर धरून येणाऱ्या मंडईतल्या बायका कमी झाल्या होत्या, हे तिला रोज दिसत होतं.

एप्रिलच्या एका भाजून काढणाऱ्या दुपारी रखमाबाई मंडईत आली. मुलाने तिला रिक्षातून आणलं होतं. ती निम्मी झाली होती, हातावर पट्टी होती. बायकांनी एकच गलका केला. शेवंतीने आपल्या जागेवर गोणपाट घडी करून टाकलं आणि तिला बसवलं. शेवंतीचे दिवस भरत आले होते. मेघना तिला तपासायला म्हणूनच त्या दुपारी आली होती.

रखमाबाईला आधी शेडच्या टोकाला नेण्यात आलं. तिने दार उघडून पाहिलं, नळ सोडून पाहिला, पुन्हा नीट बंद केला.

"बरा केलाव," ती म्हणाली आणि परत येऊन बसली.

कोणीतरी माठातलं गार पाणी पेला काठोकाठ भरून तिच्यापुढे धरलं. मेघना पुढे झाली, पण त्याआधीच रखमाबाईने पेला हातात घेतला होता.

"मना नाय चालत," ती बायकांना म्हणाली. "आता लघवीच व्हत नाय ना. पानी अंगात ऱ्हाताय. डॉक्टर बोलतो, दिवसभराला येवराच प्यायचा." तिने बोटांनी एका लहानशा बाटलीची उंची दाखवली. "सकालचा पिऊन झाला माझा."

पेला तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. गालाला लावला. मग शेवंतीपुढे केला.

"तू पी."

"काकी, नको. मी नंतर..."

"पी गो. माझे समोर पी."

शेवंतीने पेला तोंडाला लावला. गळ्यातला घोट खाली उतरताना दिसत होता. रखमाबाई पेला रिकामा होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली. मेघनाने मान वळवली आणि उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागली.

समोर एक बाई पिशवी घेऊन थांबली होती. रखमाबाईने शेवंतीच्या पाटीतली मेथीची जुडी उचलली, झटकली.

"ये गो बाय," तिने आवाज दिला. "बघ कशी ताजी हाय."